घरी ॲक्रिलिक शीट कापताय? या चुका टाळा

गणपतीच्या मखरासाठी मी ५ एमएमची पारदर्शक ॲक्रिलिक शीट आणली होती. घरात मार्बल कटर होता आणि त्यावर फरशी कापायचं डायमंड ब्लेड चढवलेलंच होतं. आखलेल्या रेघेवरून कटर अगदी सावकाश, जपून नेला. शेवटापर्यंत पोचलो, मशीन बंद केलं, तुकडा उचलायला गेलो तर शीट अखंड! ब्लेड पुढे सरकत होतं आणि त्याच्या मागे वितळलेलं प्लॅस्टिक थिजून चीर पुन्हा बुजत होती. तुकडा हाताने वाकवून सुटा करायला गेलो, तर तडा रेघ सोडून थेट मधोमध गेला.

त्यानंतर बऱ्याच शीट कापल्या. माझी खात्री झाली आहे की कापताना जे काही बिघडतं, ते जवळजवळ नेहमी दोनच गोष्टींनी बिघडतं: उष्णता आणि थरथर. आपल्या कामात यातलं काय घडतंय हे ब्लेडखालून पडणारा कीस सांगतो. रव्यासारखा किंवा सुक्या खोबऱ्याच्या किसासारखा सुटा कीस पडत असेल तर सगळं ठीक आहे. चिकट धागे निघत असतील, ब्लेडला गोळे चिकटत असतील, तर शीट तापते आहे. काचेसारख्या टोकदार कपच्या उडत असतील, तर ती हादरते आहे. म्हणून आधी त्याच शीटच्या टाकाऊ तुकड्यावर वीतभर कापून कीस बघा.

दात नसलेलं किंवा चुकीच्या दातांचं ब्लेड

डायमंड ब्लेड कापत नाही, घासतं. दगडाला ते चालतं. ॲक्रिलिक मात्र १०० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि घासून तेवढी उष्णता सहज तयार होते. उलट, प्लायवूड झटपट फाडायचं २४ दातांचं ब्लेड लावलं तर मोजकेच मोठे दात शीटवर आदळतात आणि कडेच्या कपच्या उडतात. सात इंची सर्क्युलर सॉसाठी (गोल पात्याची, हातात धरायची विजेची करवत) साधारण ६० दातांचं, कार्बाइड टोकांचं, ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिकसाठी म्हणून मिळणारं ब्लेड घ्या. त्याचे दात पुढे झुकलेले नसतात, त्यामुळे ते शीटला ओढून घेत नाहीत. मार्बल कटरला दातांचं ब्लेड लावणार असाल तर ब्लेडवर छापलेला कमाल आरपीएम (मिनिटाला किती फेरे) मशीनच्या आरपीएमपेक्षा जास्त आहे ना, हे तपासाच. आणि अँगल ग्राइंडरवर लाकडाचं दातेरी ब्लेड कधीही चढवू नका. त्याला टेकायला सपाट बूड नसतं. ब्लेड अडकलं की मशीन झटक्यात अंगावर येतं.

घाबरून फार सावकाश कापणं

महागाची शीट म्हणून आपण हात आखडता घेतो आणि नेमकं तिथेच बिघडतं. प्रत्येक दाताने थोडा कीस काढला, तर उष्णता त्या किसाबरोबर बाहेर पडते. मशीन पुढे सरकवलंच नाही, तर तेच दात त्याच जागी घासत राहतात आणि सगळी उष्णता शीटमध्ये मुरते. म्हणून ब्लेडला पूर्ण वेग घेऊ द्या, मग शीटला लावा आणि एकाच गतीने, न थांबता पार करा. मध्येच थांबून ब्लेड फिरत ठेवलं तर त्या जागी वितळल्याचा डाग उमटतोच. मशीनचा आवाज जड होऊ लागला तर फार ढकलताय असं समजा.

जिगसॉचं, म्हणजे वर-खाली चालणाऱ्या अरुंद पात्याच्या करवतीचं, गणित थोडं वेगळं आहे. तिथे वेग मध्यम ठेवा, पेंडुलमची (पातं पुढे-मागेही झुलवणारी) खटकी शून्यावर आणा आणि मशीनचं बूड शीटवर घट्ट दाबून धरा. कडा तरीही वितळत असेल तर ब्लेडचे दात फार बारीक आहेत. कीस त्यांच्यात अडकून राहतो.

शीट अधांतरी ठेवणं

दोन टेबलांवर शीट टाकून मधल्या फटीत कापायचं, ही थरथरीची हमखास सोय. सर्क्युलर सॉ वापरताना शीटखाली आख्खा जुना प्लाय टाका, पातं शीटच्या खाली ४-५ एमएमच उतरेल असं लावा आणि वर सरळ ॲल्युमिनियमची पट्टी शिकंज्याने आवळून तिच्या आधाराने मशीन न्या. जिगसॉने कापताना रेघेच्या दोन्ही बाजूंना, अगदी जवळ आधार हवा. हातात धरायच्या दोन्ही मशीनचे दात खालून वर कापतात, म्हणून चांगली बाजू खाली ठेवा. ब्लेड दोन-तीन एमएम खातं, ते माप धरून आखा.

शीटवरची संरक्षक फिल्म काम संपेपर्यंत काढू नका; आखणीही तिच्यावरच करा. आतल्या बाजूला कोपरा कापायचा असेल, तर आधी तिथे गोल भोक पाडा आणि भोकापर्यंतच कापा. काटकोनी टोकातून तडा सुरू होतो, गोलाईतून सहसा नाही.

जिथे मशीनची गरजच नाही

३ एमएमपर्यंतचं ॲक्रिलिक सरळ रेघेत कापायला हातातला ॲक्रिलिक कटर पुरतो. पट्टी धरून आठ-दहा वेळा ओरखडा खोल करा, टेबलाच्या कडेवर रेघ आणून एका दमात मोडा. पॉलिकार्बोनेट (छपराला वापरतात ते चिवट पारदर्शक प्लॅस्टिक) मात्र असं मोडत नाही, ते वाकतं. त्याला करवतच लागते. पावसाळ्यासाठी गॅलरीवर पोकळ पॉलिकार्बोनेट टाकणार असाल, तर कापल्यावर आतल्या नळ्यांतला कीस व्हॅक्यूमने ओढून घ्या आणि मगच तोंडं टेपने बंद करा. पीव्हीसी फोमशीट साध्या धारदार सुरीने कापली जाते. तिची कडा आगीवर धरून गुळगुळीत करू नका. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइडचा घातक वायू निघतो.

गॉगल सगळ्यांनाच लागतो, कारण ॲक्रिलिकची कपची डोळ्यात पारदर्शकच असते, शोधता येत नाही. सैल बाही आणि ओढणी बांधून ठेवा, ब्लेड बदलताना प्लग काढा, ब्लेडच्या सरळ रेषेत मागे उभे राहू नका.

चार दिवसांनी दिसणाऱ्या भेगा

काम छान झालं, आणि आठवड्याने कडेला केसासारख्या भेगा दिसल्या, असं झालं तर कडेचा ताण हे कारण असतं. कापताना तापलेल्या कडेत ताण अडकून राहतो आणि त्यावर थिनर, ॲसिटोन किंवा स्पिरिट फिरवलं, की तो भेगांच्या रूपाने बाहेर पडतो. अशा कडेवर ॲक्रिलिक चिकटवायचं द्रव ओतलं तरी हेच होऊ शकतं. म्हणून वितळलेला थर कानशीने आणि मग पाणी लावून पॉलिश पेपरने काढून टाका, पुसायला साबणाचं पाणी वापरा. स्क्रू लावायचे असतील तर भोक स्क्रूपेक्षा दोन-तीन एमएम मोठं ठेवा आणि फार आवळू नका: मीटरभर लांब ॲक्रिलिक तापमानातल्या २५ अंशांच्या फरकाने सुमारे पावणेदोन मिलिमीटर वाढतं, आणि उन्हातल्या खिडकीत एवढा फरक सहज पडतो.