गटातली ईमेल-चर्चा नंतरही वाचता यावी म्हणून

वर 'सहमत' एवढा एकच शब्द आणि खाली आधीच्या नऊ मेलांची चळत. गटातली चर्चा वाचवत नाही ती मुख्यतः यामुळे. वर्षभराने कुणी शोध घेतला, की तोच परिच्छेद दहा मेलांत सापडतो आणि मूळ कुठला ते कळत नाही.

म्हणून ज्या वाक्याला उत्तर द्यायचं तेवढंच ठेवा आणि त्याच्या खाली लिहा:

> तक्ता ३ मधली बेरीज जुळत नाही.

दुसऱ्या ओळीत ४५ चे ५४ झाले होते. दुरुस्त केलं.

'अमुक यांनी लिहिलं' ही ओळ आणि > या खुणा (आधीच्या मेलमधल्या ओळींपुढे प्रोग्रॅम टाकतो त्या) मात्र पुसू नका. दोन खुणा म्हणजे त्याही आधीचा माणूस. एक गळली तर एकाचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडी जातं.

विषयाच्या ओळीत 'एक शंका' लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. नवा प्रश्न असेल तर मेलही नवं लिहा. जुन्या मेलला रिप्लाय करून नुसता विषय बदलला, तर मेलच्या शीर्षभागातल्या (एरवी न दिसणाऱ्या तांत्रिक ओळींतल्या) 'इन-रिप्लाय-टू' नोंदीत जुन्या मेलचा आयडी राहतोच. बरेच मेल-प्रोग्रॅम तो पाहून नवा प्रश्न जुन्या धाग्याखाली, म्हणजे एका चर्चेतल्या मेलांच्या साखळीखाली, लटकवतात. जीमेलचं उलटं: विषय बदलला किंवा धाग्यात १०० हून जास्त मेल झाले, की ते धागा तोडतं. तेव्हा चालू धाग्यात विषयाची ओळ उगाच सुधारत बसू नका.

त्रुटीचा संदेश स्क्रीनशॉटऐवजी मजकूर म्हणून चिकटवा, तरच तो शोधात सापडेल. नुसता दुवा देऊ नका, त्यातला मुद्दा दोन ओळींत लिहा, दुवे मरतात. सहीच्या वर दोन आडव्या रेघा आणि एक मोकळी जागा (-- ) एवढीच ओळ टाकली, तर अनेक प्रोग्रॅम उत्तर देताना सही आपोआप गाळतात. मोकळी जागा द्यायची राहून गेली तर नाही गाळत. सही चार ओळींत बसवावी, असं आरएफसी १८५५ या इंटरनेटवरच्या शिष्टाचाराच्या १९९५ च्या मार्गदर्शिकेतही आहे.

प्रश्न सुटला की विचारणाऱ्यानेच त्याच धाग्यात शेवटचं मेल टाकावं: अडचण काय होती, कशाने सुटली, काय करून उपयोग झाला नाही. हे तिसरं लोक हमखास विसरतात.

जपून ठेवायला जीमेलमध्ये त्या धाग्यांना एक लेबल लावा आणि गूगल टेकआउटमधून (गूगलवरचा आपला डेटा उतरवून घ्यायची सोय) तेवढंच लेबल उतरवा. सगळे मेल एकत्र असलेली एमबॉक्स फाइल मिळते. ती थंडरबर्डसारख्या दुसऱ्या मेल-प्रोग्रॅममध्ये उघडून देवनागरी आणि जोडलेल्या फाइली नीट दिसतात का, ते लगेच तपासा.