आजीचं कपाट, वेताची जाळी आणि पॉलिश पेपर

२०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी कोल्हापुरातल्या शाहूपुरीतल्या आमच्या घरात शिरलं. पाणी ओसरल्यावर दार उघडलं, तर हप्त्यावर घेतलेल्या टीव्ही युनिटच्या कडा फुगून उलल्या होत्या, हात लावला की भुसा सुटत होता. शेजारचं आजीचं सागवानी कपाट मात्र जागच्या जागी उभं होतं. पॉलिश पांढरं पडलेलं, खालच्या खणात चिखल, पण एक सांधा हलला नव्हता. त्याच कपाटावर मी जुनं लाकडी फर्निचर नवं करायचं काम शिकले आणि आता लोकांच्या ऑर्डरी घेते. नव्याने हात घालणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

आधी वस्तू पारखायला शिका. भंगारवाल्याकडे किंवा नातेवाइकांच्या माळ्यावर जे मिळेल ते उचलून बघा, मागची बाजू बघा, खण पूर्ण बाहेर काढून सांधे बघा. भुशाचा दाबलेला बोर्ड असेल तर सोडून द्या. एकदा फुगला की तो परत बसत नाही. बारीक भोकांखाली ताजं पिवळट पीठ पडत असेल तर आत किडा जिवंत आहे, ती वस्तू घरात आणू नका. भिजलेलं लाकूड उन्हात ठेवायचं नाही, तडकतं. दारं उघडी टाकून सावलीत वाळू द्यायचं. आमच्या कपाटाला दिवाळी उजाडली.

एका शोरूममध्ये वेताच्या जाळीच्या दारांचं बुटकं कपाट पाहिलं होतं, किंमत ४८,००० रुपये. बराच वेळ त्याच्यासमोर उभी राहिले. नक्षी कसलीच नव्हती. पृष्ठभाग कुठेही हाताला अडकत नव्हता, चकाकी मंद आणि सगळीकडे सारखी होती, आणि पितळी नॉब चांगला जड होता. यातलं लाकूड तर आमच्याकडे होतंच.

तरी पहिल्यांदा मी घाईच केली. सरावाला घेतलेल्या स्टुलाच्या जुन्या पॉलिशवर थेट ऑइल पेंट मारला. तीन महिन्यांत रंगाची सालं निघाली. आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांनी ते पाहिलं आणि माझा हात धरून फळीवर ठेवला. म्हणाले, "पोरी, डोळं मिट आणि हात फिरव. डोळा फसतोय, हाताला कळतंय." खरंच, डोळ्यांना गुळगुळीत दिसणारी फळी बोटांना खरखरीत लागत होती.

तेव्हापासून माझा निम्म्याहून जास्त वेळ घासण्यात जातो. पॉलिश पेपर ८० नंबरपासून सुरू करून १२०, १८०, २२०, एकही टप्पा न गाळता, आणि नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने. आडवं घासलं की चरे पडतात आणि ते पॉलिशखाली उठून दिसतात. शेवटचं घासण्याआधी ओल्या फडक्याने पुसा, तंतू उभे राहतात, वाळले की परत २२० फिरवा. एक गोष्ट मात्र मनापासून सांगते: घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीचा रंग असेल तर कोरडा घासू नका. पाणी लावून घासायचा वॉटर पेपर, मास्क वापरा, लेकरांना लांब ठेवा.

पॉलिशला मी चपडा लाखच, म्हणजे पातळ पापुद्र्यांची लाख, वापरते. एक लिटर स्पिरिटला २०० ते २५० ग्रॅम, रात्रभर विरघळू द्यायची, गाळायची, आणि मलमलमध्ये गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने पातळ हात देत जायचं. पावसाळ्यात हे काम घेऊ नका. आपल्याकडच्या दमट हवेत त्यावर पांढुरकी झाक येते. जेवणाच्या टेबलालाही लाख नको, गरम भांड्याचा डाग पडतो. तिथे पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश बरं.

जाळीचं काम सगळ्यात आनंदाचं. कपाटाच्या दारातली मधली फळी काढून चौकटीला खाच पाडून घेतली. जाळी अर्धा-पाऊण तास कोमट पाण्यात ठेवली, मऊ झाल्यावर चकाकती बाजू वर करून लाकडी पाचरीने खाचेत दाबत नेली, फेविकॉलची धार सोडून वर वेताची बारीक काडी ठोकली. तेव्हा ती मधोमध जरा सैल लोंबत होती, जीव खाली-वर झाला. सकाळी बघते तर ताणून बसलेली, टिचकी मारली तर वाजली! वेत वाळताना आकसतो, म्हणून ओली असताना फार ताणायची नाही.

नॉबसाठी ऑनलाइन पैसे घालवू नका. शिवाजी उद्यमनगरात लेथवाले आहेत. पितळी सळई नेऊन मी सहा नॉब कातून घेतले, शोरूममधल्या दोन नॉबच्या पैशात. कपाटाला लोखंडी पायही तिथेच वेल्डिंग करून घेतले.

मजुरी सांगताना दिवस मोजा. पहिल्या ऑर्डरचे मी १,५०० रुपये सांगितले आणि काम अकरा दिवस चाललं. आता आधी वस्तू बघते, मगच आकडा बोलते.

२०२१च्या जुलैत पाणी परत आलं आणि कपाटाची खालची पट्टी पांढरी पडली. लाखेचा नवा हात जुन्या थरात विरघळून एकजीव होतो, सगळं खरवडावं लागत नाही. ऑक्टोबर उजाडेपर्यंत थांबले, आणि दोन संध्याकाळी बोळा फिरवल्यावर पट्टी वरच्या रंगाला मिळून आली.