किनारी रेडिओच्या नोकरीत येऊ पाहणाऱ्या बडोदेकरांसाठी

दांडिया बाजारात कुणाला सांगा, की मी जहाजांशी रेडिओवर बोलतो; लगेच विचारतात, "म्हणजे मर्चंट नेव्हीत का?" नाही हो. जहाज समुद्रात, आपण किनाऱ्यावर, खुर्चीत. पोहता येत नसलं तरी चालतं.

लागतं ते जीएमडीएसएसचं, म्हणजे समुद्रातल्या संकटकाळच्या जागतिक रेडिओ यंत्रणेचं, 'जीओसी' हे ऑपरेटरचं प्रमाणपत्र. कोर्स नौवहन महासंचालनालयाची मान्यता असलेल्या संस्थेतच करा. प्रमाणपत्र दूरसंचार खात्याचा डब्ल्यूपीसी, म्हणजे बिनतारी संदेशांचं नियोजन बघणारा विभाग देतो. मोर्स, म्हणजे कड-कट्टची सांकेतिक लिपी, घोकण्यात वेळ घालवू नका. १ फेब्रुवारी १९९९ पासून जीएमडीएसएस पूर्ण लागू झालं आणि जहाजांवरची मोर्सची सक्ती संपली. पाठ हवं ते असं: व्हीएचएफचा, म्हणजे जवळच्या पल्ल्याच्या रेडिओचा, चॅनल १६ बोलण्यासाठी, चॅनल ७० फक्त डिजिटल अलर्टसाठी, म्हणजे बटण दाबून पाठवलेल्या संकटाच्या इशाऱ्यासाठी, तिथे तोंड उघडायचं नाही. एमएफवर, म्हणजे मध्यम लहरींवर, अलर्टसाठी २१८७.५ किलोहर्ट्झ, नॅव्हटेक्सला, म्हणजे जहाजांना जाणाऱ्या हवामानाच्या आणि धोक्याच्या लेखी सूचनांना, ५१८. व्हीएचएफ पोचतं साधारण वीस-तीस सागरी मैल. त्यापुढे एमएफ, एचएफ (लघुलहरी) किंवा उपग्रह.

अलर्ट आला की भोंगा वाजतो आणि स्क्रीनवर नऊ आकडी एमएमएसआय, म्हणजे त्या रेडिओचा ओळख क्रमांक, येतो. बहुधा अक्षांश-रेखांश, वेळ आणि संकटाचा प्रकारही. सुरुवात ४१९ ने असेल तर जहाज भारतीय. दोन शून्यांनी असेल तर तो नंबर किनारी केंद्राचा. बरेचसे अलर्ट कुणाचं तरी बोट चुकून बटणावर पडल्यामुळे आलेले असतात, पण प्रत्येक खराच धरायचा. पोच द्या, सोळावर हाक मारा, तटरक्षक दलाच्या एमआरसीसीला, म्हणजे समुद्री बचाव समन्वय केंद्राला, कळवा. "चुकून गेला" असं जहाज म्हणालं, तरी सोळावर त्याला तो रीतसर रद्द करायला लावायचा.

नवा माणूस अडखळतो लॉगमध्ये. नोंदी यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत, असतात, त्यामुळे रात्रपाळीत तारीख बदलते ती पहाटे साडेपाचला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून लिहिलंत, की सगळं पान चुकलं.

मोठ्या जहाजांशी ठरावीक इंग्रजी वाक्यांत बोलायचं, ते कोर्समध्ये येतं. मच्छीमार नौकांचं तसं नाही. घाबरलेला टंडेल, म्हणजे नौकेचा म्होरक्या, स्वतःच्याच भाषेत बोलतो. वेरावळ-पोरबंदरचा म्हणतो, "मशीन बंध छे, पाणी भराय छे". रत्नागिरीचा तेच मराठीत सांगतो. मराठी घरात वाढून रावपुऱ्यात गुजराती बोलणाऱ्या आपल्याला दोन्ही कळतं. अशा वेळी आधी जीपीएसचे आकडे विचारा, मग माणसं किती, मग बाकीचं. आकडे परत म्हणून दाखवा. बॅटरी कधी जाईल सांगता येत नाही, आणि ठिकाण कळलं असेल तर पुढचं तटरक्षक दल बघून घेतं.

अर्जात भाषांच्या रकान्यात आपली मंडळी मराठी, हिंदी, इंग्रजी लिहून मोकळी होतात. गुजरातीही लिहा, आणि मुलाखतीत कुणी विचारायची वाट न बघता सांगा.