गहू आणि दूध बंद असताना पोट भरायचं कसं?

डॉक्टरांनी काही आठवडे गहू आणि दूध बंद करून बघायला सांगितलं, की आपण पोळी आणि दही ताटातून काढतो आणि त्या जागी काहीच ठेवत नाही. मग चार वाजता पोटात कावळे ओरडायला लागतात. म्हणून आधी पर्याय घरात आणा, मगच गव्हाचा डबा वर ठेवा.

ज्वारी-बाजरीची भाकरी उत्तमच, पण नुसत्या पालेभाजीबरोबर ती फार वेळ पुरत नाही. सोबत वाटीभर मटकीची उसळ हवी, चालत असेल तर एखादं अंडं, आणि तीळ-जवसाच्या चटणीवर चमचाभर कच्चं तेल. या तेलात अजिबात काटकसर करू नका, भूक लांबते ती अशानेच. कॅल्शियमसाठी नाचणी: १०० ग्रॅममध्ये साधारण ३४० मिलिग्रॅम. सकाळी ताकाऐवजी लिंबू पिळून, जिरं-मीठ घालून आंबील प्या.

मार्केट यार्डातून चांगली ज्वारी आणली आणि गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ दळली, तर जात्यात राहिलेलं गव्हाचं पीठ तिच्यात येतंच. तांदळानंतर दळून मागा. हिंगाची डबीही वाचा, बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो.

आणि हो, सीलिॲकची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होते त्या आजाराची) रक्ततपासणी करायची असेल तर ती गहू सोडण्याआधीच करून घ्या. नंतर केली तर निदान निसटू शकतं.