जसं आहे तसं घर घेताना रंग नाही, ओल बघा

‘जसं आहे तसं’ म्हणून विकायला काढलेलं घर म्हणजे मालक दुरुस्तीला हात लावणार नाही, पुढे काही निघालं तर ते तुमच्या गळ्यात. घर घेणाऱ्यांसोबत जाऊन अशी घरं तपासून द्यायची, हे माझं काम. माझं म्हणणं एवढंच, की कळकट घराला घाबरू नका. उडालेला रंग, फुटक्या फरशा, जुनाट ओटा यांनी भाव उतरतो, आणि नेमकी हीच कामं आपल्या पसंतीने, बेतात होतात. शिवाय बरीच गिऱ्हाइकं दारातूनच परत फिरतात, त्यामुळे घासाघीस करायला वाव राहतो. मला धास्ती वाटते ती सगळं घर विटलेलं असताना एकच भिंत ताजी रंगवलेली दिसली की; त्या रंगाखाली ओल दडवलेली असू शकते.

घर बघायला जोराचा पाऊस होऊन गेल्यावर जा. भिंतीच्या तळाशी हात फिरवा. पांढरी भुकटी हाताला लागली तर तो खार. पाणी विटांतले क्षार बाहेर आणतं, स्वतः सुकतं आणि क्षार मागे ठेवतं. पाणी कुठून येतंय ते सापडेपर्यंत त्यावर कितीही रंग मारा, फुगून येणारच.

मग मान वर करून छत बघा. सळईच्या रेषेत सरळ गेलेली भेग आणि तिच्या कडेला तपकिरी डाग दिसला, की आत गंज लागलाय असं धरा. गंजलेलं लोखंड मूळच्यापेक्षा जास्त जागा घेतं आणि काँक्रीट आतून ढकलून पाडतं. छोट्या हातोडीने हलकेच ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर तिथलं काँक्रीट सुटलंय. वरून प्लास्टर मारून हे निभत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे बोलूच नका.

केसासारख्या बारीक भेगा बहुतेक प्लास्टरच्याच असतात. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी, विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी चढणारी भेग दिसली आणि जवळचं दार चौकटीत अडकत असलं, तर पाया खचल्याची शंका घ्या.

सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर बघा. काटा फिरत असेल तर कुठेतरी गळती आहे. वायरिंग आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

गळती, वाळवी, आधीची दुरुस्ती, विनापरवाना वाढवलेलं बांधकाम, हे सगळं मालकाला लेखी विचारा. पुष्कळ ठिकाणी ठाऊक असलेला दोष मुद्दाम दडवला तर ‘जसं आहे तसं’ लिहूनही मालक सुटत नाही, पण ते सिद्ध करताना तुमच्या नाकी नऊ येतात. म्हणून तपासणीत मोठा दोष निघाला तर इसार परत, हे कलम करारात घालूनच घ्या. मालकी आणि घरावरचा बोजा वकिलाकडून बघून घ्या. कर्ज काढणार असाल तर बँकेलाही आधीच विचारा; मोडकळीला आलेल्या घरावर ती हात आखडते.

राहिला भाव. तसंच धडधाकट घर त्याच भागात कितीला जातं ते काढा. त्यातून दुरुस्तीचा अंदाज वजा करा. भिंत फोडल्यावर काहीतरी निघतंच, म्हणून त्या अंदाजाचा पाचवा हिस्सा आणखी वजा करा. काम चालू असताना दुसरीकडे राहायचं भाडंही त्यात धरा. हे बहुतेक जण विसरतात. मालक या आकड्याच्या बराच वर अडून बसला, तर सरळ उठायचं.