अर्थशास्त्राला गणित लागतं, हे प्रवेशाआधीच कळायला हवं

बारावीचा निकाल लागला की ओळखीतल्या, नात्यातल्या मुलांचे फोन सुरू होतात. "ताई, बी. ए.ला अर्थशास्त्र घेतोय, पुढे काय करता येईल?" फोन मुलाचा असला तरी शेजारी आई किंवा बाबा कान देऊन बसलेले असतात, हे जाणवतं. मी मराठी शाळेतून आले, दादरच्या बाजूला बी. ए. केलं, मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात एम. ए. केलं आणि आज एका बँकेच्या आर्थिक संशोधन विभागात काम करते. पुढच्या वाटा बऱ्याच आहेत. त्यातल्या किती तुमच्यासाठी उघड्या राहतील, हे बहुतेक वेळा पदवीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत ठरून जातं, आणि ते ठरतं गणितावर.

पहिल्या वर्षाला मागणी-पुरवठ्याचे आलेख येतात, लवचिकता येते, राष्ट्रीय उत्पन्न येतं. कला शाखेतल्या मुलाला हे सगळं बिनघोर झेपतं आणि विषय सोपा वाटू लागतो. एम. ए.ला मात्र तोच ग्राहक, तीच कंपनी कलनाच्या (कॅल्क्युलसच्या) भाषेत समोर येते. मर्यादित उत्पन्नात जास्तीत जास्त समाधान कसं मिळवायचं, हा प्रश्न तिथे अवकलन करून सोडवायचा असतो. अर्थमितीत, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजण्याच्या शास्त्रात, तर मॅट्रिक्स आणि संभाव्यतेशिवाय पान उलटत नाही. दहावीनंतर गणित सोडलेली हुशार मुलं इथे अडतात, आणि त्यांना आधी कुणी सांगितलेलंच नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

यावर उपाय आहे. अकरावी-बारावीची बालभारतीची गणिताची पुस्तकं आणा. त्यातली अवकलन, संकलन, मॅट्रिक्स आणि संभाव्यता ही प्रकरणं पहिल्या वर्षाच्या सुट्टीत उदाहरणांसकट सोडवा. नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयासोबत दुय्यम विषय घेता येतो. कॉलेजात संख्याशास्त्र किंवा गणित मिळत असेल तर डोळे मिटून तेच घ्या. इंग्रजीची धास्ती घेऊ नका. मराठी माध्यमाच्या मुलाची भाषा वर्षभरात रुळते, रोज इंग्रजी पेपरचं अर्थविषयक पान वाचलं तर आणखी लवकर. गणिताची उणीव तेवढ्या लवकर भरून निघत नाही.

दुसरी गोष्ट आकडेवारीची. केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर श्रमशक्ती सर्वेक्षणाची एकेका कुटुंबापर्यंतची माहिती फुकट मिळते. ती हाताळायला लागणारं 'आर' हे सॉफ्टवेअरही फुकट आहे. शहरी महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरच्या किती बायका कमावतात, एवढा एकच आकडा त्यातून स्वतः काढा आणि सरकारी अहवालाशी ताडून पाहा. पहिल्यांदा बहुतेक जुळणार नाही, कारण प्रत्येक कुटुंबाला दिलेला भारांक, म्हणजे ते कुटुंब किती कुटुंबांच्या वतीने मोजायचं तो आकडा, लावायचा राहून जातो. तो का लावायचा, हे शोधताना नमुना निवड जितकी समजते तितकी वर्गातल्या फळ्यावर समजत नाही. मग हाच आकडा तुमच्या वॉर्डापुरता काढायचा मोह होईल. तिथे थांबा. इतक्या लहान भागासाठी नमुना पुरत नाही. कुठला आकडा कुठवर ताणता येतो हे ज्याला कळतं, त्याला आमच्या क्षेत्रात मान आहे.

शिकायच्या जागांचं थोडक्यात सांगते. कलिन्याच्या विद्यानगरीतला विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग, म्हणजे आताचं मुंबई स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पब्लिक पॉलिसी, शंभर वर्षांची परंपरा असलेला आहे. गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था रिझर्व्ह बँकेने 1987 मध्ये स्थापन केली. तिथल्या एम. एस्सी.ची प्रवेशपरीक्षा कठीण, अभ्यास त्याहून कठीण. पवईच्या आयआयटीतही हा विषय आहे. पुण्याची तयारी असेल तर 1930 मध्ये सुरू झालेली गोखले संस्था आहेच.

आता कामाबद्दल, कारण बाहेरून ते दिसत नाही. किरकोळ महागाईचा आकडा दर महिन्याला 12 तारखेच्या सुमारास येतो. तो येण्याआधी आमचा अंदाज तयार असावा लागतो. ग्राहक व्यवहार विभाग रोजचे भाव जाहीर करतो. त्यातले कांदा, टोमॅटो, डाळी, तेल यांचे भाव घ्यायचे, महागाई मोजणाऱ्या ग्राहक किंमत निर्देशांकातलं त्यांचं वजन लावायचं आणि गणित मांडायचं. 2012 हे पायाभूत वर्ष असलेल्या मालिकेत अन्नपदार्थ आणि पेयांचं वजन 45.86 टक्के होतं. म्हणजे वाशीच्या मार्केटात भाजी कडाडली की आमचा अंदाजही हलायचा. आकडा आला की तासाभरात टिपण जातं. भाववाढ कशामुळे, ती टिकेल का, व्याजदर हलेल का, हे त्यात लिहायचं असतं. महागाई 4 टक्के, खाली-वर 2 टक्के, हे रिझर्व्ह बँकेपुढचं लक्ष्य आणि व्याजदर ठरवणारी सहा जणांची समिती 2016 पासून आहे. तिची बैठक साधारण दर दोन महिन्यांनी होते, आणि तिचा निर्णय येतो त्या सकाळी आमच्या विभागात कुणी चहालाही उठत नाही. मला हे काम मनापासून आवडतं. घराघरातल्या किराणा बिलाचा आणि गृहकर्जाच्या हप्त्याचा संबंध इथे रोज हाताळायला मिळतो.

सरकारी वाट धरायची असेल तर रिझर्व्ह बँकेच्या अधिकारी भरतीच्या ग्रेड बी परीक्षेत अर्थशास्त्राच्या पदव्युत्तरांसाठी आर्थिक व धोरण संशोधन विभागाच्या वेगळ्या जागा असतात. सर्वसाधारण जागांसाठी कुठलीही पदवी चालते, त्यामुळे तिथे गर्दी प्रचंड. 1961 मध्ये सुरू झालेली भारतीय आर्थिक सेवा यूपीएससीमार्फत भरली जाते. पदव्युत्तर पदवी लागते, वयोमर्यादा साधारण 21 ते 30, आणि जागा अलीकडे डझन-दोन डझनच. तयारी जरूर करा, पण तिच्या जोडीला दुसरी वाटही चालू ठेवा. शिकवायची ओढ असेल तर नेट किंवा सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा द्या. मात्र कायमस्वरूपी जागेसाठी बरीच वर्षं तासिका तत्त्वावर काढावी लागतात, हे घरी आधीच बोलून ठेवा. कर्जदाराची पत ठरवणाऱ्या पतमापन संस्था, सल्लागार कंपन्या आणि सामाजिक संस्थांमध्येही मागणी आहे. मुंबईचा फायदा असा की सेबी, नाबार्ड, राष्ट्रीय शेअर बाजार ही सगळी कार्यालयं वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसीत), म्हणजे कलिन्याहून रिक्षाच्या अंतरावर आहेत. तिथल्या लोकांची व्याख्यानं विद्यापीठात होतात. जा, आणि शेवटी उभं राहून प्रश्न विचारा.

शेअर बाजारात पैसे कसे कमवायचे हे या पदवीत शिकवत नाहीत. तेवढ्यासाठी येत असाल तर वाणिज्य शाखेचा किंवा वित्ताचा अभ्यासक्रम बघा.

इंटर्नशिपसाठी अर्ज करताना नुसती गुणपत्रिका पाठवू नका. तुम्ही स्वतः काढलेल्या आकड्यावरचं दोन पानांचं टिपण जोडा: प्रश्न काय, माहिती कुठली, आलेख एक, आणि या माहितीतून काय सांगता येत नाही. आमच्याकडे ढीगभर अर्ज येतात. असं टिपण असलेला अर्ज मी आधी उघडते. उन्हाळ्यासाठीचे अर्ज नोव्हेंबर-डिसेंबरपासूनच पाठवायला लागा. मार्चपर्यंत बहुतेक जागा भरलेल्या असतात.