टॅबलेटवरून डीजे सॉफ्टवेअर चालवताना या चुका टाळा

दुपारी लॉनवर चेकिंग करताना सगळं झकास चालतं. संध्याकाळी पाहुणे जमतात, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असतो आणि ऐन वरातीच्या गाण्याला टॅबलेटवरचं बटण दोन सेकंदांनी लागतं, नाहीतर लागतच नाही. मग ॲप बदललं जातं, टॅबलेटला नावं ठेवली जातात. बहुतेक वेळा दोष दोघांचाही नसतो. सॉफ्टवेअर लॅपटॉपवर चालतं आणि टॅबलेटवरचं ॲप त्याला वायफायवरून संदेश पाठवतं. घोळ याच मधल्या वायफायमध्ये असतो, म्हणून तपासायला सुरुवात तिथूनच करा.

कार्यालयाचं वायफाय वापरू नका

सोलापुरात होटगी रोड असो की विजापूर रोड, मंगल कार्यालयाचं वायफाय पाहुण्यांसाठी असतं. अशा गेस्ट नेटवर्कवर बऱ्याचदा क्लायंट आयसोलेशन चालू असतं. लॅपटॉप आणि टॅबलेट दोघांनाही इंटरनेट मिळतं, पण ते एकमेकांना दिसत नाहीत. टॅबलेटवरचं कंट्रोलर ॲप टचओएससी असो की व्हर्च्युअल डीजे रिमोट, ते कितीही वेळा उघडलं तरी लॅपटॉप सापडणार नाही. मोबाइलचा हॉटस्पॉट घरी सरावाला चालेल, कामावर नको. फोन आला, बॅटरी उतरली किंवा तो फोन घेऊन कुणी बाहेर गेलं की संपलं.

स्वतःचा साधा ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही देणारा) राउटर ठेवा. इंटरनेटची गरज नाही. लॅपटॉप राउटरला लॅन केबलने जोडा. पोर्ट नसेल तर यूएसबी ते लॅन अडॅप्टर लावा. ही केबल फार महत्त्वाची आहे. दोन्ही उपकरणं वायफायवर असली तर प्रत्येक संदेश हवेतून दोनदा जातो, टॅबलेट ते राउटर आणि राउटर ते लॅपटॉप. केबल लावली की त्यातला एक टप्पा कायमचा कमी होतो, आणि लॅपटॉपच्या वायफायचं पॉवर सेव्हिंग, मध्येच दुसरं नेटवर्क पकडणं हे त्रासही जातात.

टॅबलेट ५ गिगाहर्ट्झवर ठेवा. चॅनल ३६ ते ४८ मधला, रुंदी २० किंवा ४० मेगाहर्ट्झ. इथे वेग नको, स्थिरपणा हवा. ५ गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडे लवकर ढेपाळतो आणि माणसांची गर्दीही सिग्नल खाते, म्हणून राउटर ॲम्प्लिफायरच्या रॅकमागे किंवा टेबलाखाली ठेवू नका. डोक्याच्या वर, टॅबलेटसमोर बांधा. टॅबलेट जुना असेल आणि २.४ वरच चालत असेल, तर १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळा चॅनल निवडा. गाण्यांची यूएसबी ३ हार्डडिस्क आणि तिची केबल राउटरपासून लांब ठेवा, कारण तिच्यातून याच २.४ च्या पट्ट्यात रेडिओ अडथळा मिसळतो. २.४ चे वायरलेस माइकही तिथेच गर्दी करतात.

आता लाइटचं. लाइट गेली आणि जनरेटरवर बदली झाली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, टॅबलेटही चालू राहतो, राउटर मात्र बंद पडतो आणि परत सुरू व्हायला मिनिट-दोन मिनिटं घेतो. गाणं वाजत असतं, पण हातात काहीच नसतं. राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावा. विकत घेताना राउटरच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून पाहा.

राउटरच्या सेटिंगमध्ये लॅपटॉपचा आयपी कायम करून टाका, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०. नाहीतर राउटर बंद-चालू झाल्यावर पत्ता बदलू शकतो आणि ॲप जुन्याच पत्त्यावर संदेश पाठवत बसतं. लॅपटॉपचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. आधी केबल बघा.

जोडलंय, तरी दिसत नाही

आयपॅडवर आयपॅडओएस १४ पासून लोकल नेटवर्कची वेगळी परवानगी लागते. पहिल्यांदा विचारलं तेव्हा घाईत नको म्हटलं असेल, तर ॲप मुकाट्याने अडकतं. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली लोकल नेटवर्कमध्ये जाऊन ते ॲप चालू करा. विंडोजवर नेटवर्क पब्लिक असेल तर प्रायव्हेट करा, नाहीतर फायरवॉल बाहेरून आलेला संदेश आत घेत नाही. आरटीपी मिडी (मिडी म्हणजे कंट्रोलरच्या बटण-फेडरचे संदेश, ते नेटवर्कवरून पाठवायची ही पद्धत) वापरत असाल तर यूडीपीचे ५००४ आणि ५००५ हे पोर्ट मोकळे हवेत आणि विंडोजवर बोंजूर (नेटवर्कवरची उपकरणं शोधणारं ॲपलचं सॉफ्टवेअर) बसवलेलं हवं. ट्रॅक्टर (Traktor) या डीजे सॉफ्टवेअरच्या कंट्रोलर मॅनेजरमध्ये जनरिक मिडी जोडून इन-पोर्ट आणि आउट-पोर्ट हातानेच निवडा. मिक्स (Mixxx) हे डीजे सॉफ्टवेअर मात्र पोर्ट आधी उघडून मगच सुरू करा. सॉफ्टवेअर चालू झाल्यावर जोडलेला पोर्ट त्याला दिसत नाही.

अँड्रॉइडची एक खोड आहे. नेटवर्कला इंटरनेट नसलं की तो मोबाइल डेटाकडे वळतो. सिम काढून ठेवा किंवा डेटा बंद करा, आणि इंटरनेट नसलं तरी जोडलेलं राहू दे, हा पर्याय निवडा.

टॅबलेटला जमेल तेच काम द्या

वायफायवर नुसता उशीर होत नाही, तो दर वेळी वेगळा होतो. कधी ५ मिलिसेकंद, कधी ६०. १२८ बीपीएमच्या (मिनिटाला १२८ ठोके) गाण्यात एक ठोका ४६९ मिलिसेकंदांचा, त्याचा चौथा भाग ११७. स्क्रॅच किंवा हाताने बीट जुळवताना ६० चा झटका लगेच कानाला लागतो. म्हणून जॉग (गाणं पुढे-मागे फिरवायची चकती), पिच बेंड (वेग क्षणभर कमी-जास्त करणं) आणि मुख्य फेडर टॅबलेटवर ठेवू नका. हॉटक्यू (गाण्यातल्या खुणेवर थेट उडी मारणारं बटण), लूप, इफेक्ट, फिल्टर, गाणं शोधणं आणि सॅम्पलर यांना टॅबलेट उत्तम. सॉफ्टवेअरमध्ये क्वांटाइझ चालू ठेवा. मग हॉटक्यू ठोक्यावरच उडतो आणि मधला थोडा उशीर झाकला जातो. अर्थात बीटग्रिड, म्हणजे सॉफ्टवेअरने गाण्यावर मारलेल्या ठोक्यांच्या खुणा, बरोबर असेल तरच. जुन्या लाइव्ह ढोलकी-हलगीच्या रेकॉर्डिंगची ग्रिड आधी तपासून घ्या, कारण तिथे लय हलती असते.

एनीडेस्कसारख्या ॲपने लॅपटॉपचा स्क्रीन टॅबलेटवर आणून त्यालाच कंट्रोलर म्हणणं ही मोठी चूक. सॉफ्टवेअरला बोट म्हणजे एक माउस वाटतं, त्यामुळे दोन फेडर एकत्र हलत नाहीत. शिवाय चित्र पाठवताना प्रोसेसरवर ताण पडून आवाज तुटू शकतो.

बटणांचे खेळ

प्ले दाबलं की गाणं सुरू होतं आणि तत्क्षणी थांबतं, ही तक्रार फार येते. दोन कारणं तपासा. बटण दाबताना १२७ आणि सोडताना ० असे दोन संदेश जातात, आणि सॉफ्टवेअर दोन्हींना टॉगल (एकदा चालू, पुन्हा बंद) समजतं. बटणाचा प्रकार बदला किंवा मॅपिंगमध्ये फक्त दाबण्याचा संदेश घ्या. दुसरं कारण, टचओएससीचा ब्रिज (लॅपटॉपवर तिचे संदेश घेणारा प्रोग्राम) आणि आरटीपी मिडी दोन्ही एकत्र चालू असतात आणि तोच संदेश दोन वाटांनी येतो. एक वाट बंद करा.

इको किंवा रोल इफेक्ट बोट उचलल्यावरही चालूच राहिला, तर सोडल्याचा संदेश वाटेत हरवला. हे संदेश सहसा यूडीपीवरून जातात आणि यूडीपी हरवलेलं पाकीट परत पाठवत नाही. धरून ठेवायचे इफेक्ट शक्य तितके टॉगलवर घ्या, आणि एका कोपऱ्यात सगळे इफेक्ट बंद करणारं मोठं बटण ठेवा.

कनेक्शन परत आल्यावर फेडरला हात लावताच आवाज एकदम उसळतो, कारण टॅबलेटवरची जागा आणि सॉफ्टवेअरमधली जागा वेगळी झालेली असते. ट्रॅक्टर आणि मिक्स दोन्हींत सॉफ्ट टेकओव्हर आहे (फेडर सॉफ्टवेअरमधल्या जागेशी जुळेपर्यंत तो हलवूनही काही होत नाही), तो चालू करा. डेक (गाणं वाजवणारा भाग) ए ला मिडी चॅनल १ आणि डेक बी ला २ द्या, म्हणजे दोन्ही डेक एकाच बटणावर नाचणार नाहीत.

ऊन आणि घाम

ॲपल आयपॅडसाठी ० ते ३५ अंशांचं वातावरण सांगतं. एप्रिल-मेच्या सोलापुरात पारा चाळिशीपार जातो. दिवसाच्या मिरवणुकीत टेम्पोवर उघड्यावर ठेवलेला टॅबलेट आधी उजेड कमी करतो, मग तापल्याची सूचना दाखवून बंद पडतो. सावली करा, जाड कव्हर काढा, उन्हात चार्जिंग करू नका. घामाच्या थेंबाने स्क्रीन आपोआप दाबली जाते, म्हणून हाताशी कोरडा सुती नॅपकिन हवा. हलक्या चार्जरवर जनरेटरचा करंट घेतला तरी स्क्रीन अशीच भुतासारखी वागते. कामात पॉवर बँक बरी.

आयपॅडवर ऑटो लॉक बंद ठेवून गायडेड ॲक्सेस (एकाच ॲपमध्ये अडकवून ठेवणारी सोय) लावा आणि चार-पाच बोटांचे जेस्चर बंद करा. अँड्रॉइडवर ॲप पिन करा आणि त्या ॲपचं बॅटरी ऑप्टिमायझेशन काढा.

कार्यक्रमाआधीची तपासणी

गर्दी जमल्यावर, पहिल्या गाण्याआधी लॅपटॉपवरून टॅबलेटच्या आयपीला सतत पिंग (उत्तर किती वेळात येतं ते मोजणारी कमांड) लावा. त्या वेळी टॅबलेटवर एक फेडर हलवत राहा, कारण निवांत टॅबलेटचं वायफाय झोपतं आणि आकडे उगाच मोठे दिसतात. सगळे आकडे १० मिलिसेकंदांच्या आसपास असतील तर ठीक. मधूनमधून १०० दिसत असेल किंवा उत्तरच येत नसेल, तर चॅनल बदला.

प्ले, पॉज, क्रॉसफेडर आणि मास्टर व्हॉल्यूम लॅपटॉपच्या कीबोर्डवर मॅप करून ठेवा. बॅगेत डेटा केबल असू द्या. अँड्रॉइड यूएसबीने जोडून यूएसबीच्या पर्यायांत मिडी निवडला की लॅपटॉपला तो मिडी उपकरण म्हणून दिसतो. मॅकवर आयपॅड ऑडिओ मिडी सेटअपमधून जोडता येतो. ही केबलची वाट घरी एकदा पूर्ण लावून, त्याच मॅपिंगने तपासा. वायफायवर चाललेलं मॅपिंग केबलवर पोर्टचं नाव बदलल्यामुळे गप्प बसतं, आणि ते नाव पुन्हा निवडून सेव्ह करायला मांडवात वेळ मिळत नाही.